बाईचा पाय आणि मधली सीट

मी लिव्हर ओढलं. सीट हलली नाही. पुन्हा ओढलं, जरा आपुलकीनं. तरी नाही. तिसऱ्यांदा मी एक पाय दाराला लावून, डोळे मिटून सगळा जीव लावला, तेव्हा लिव्हरची प्लास्टिकची मूठ माझ्या हातात आली आणि मी अंगणात तुळशीजवळ जाऊन बसलो. गाडीची मधली सीट मात्र पुढच्या सीटच्या पाठीला नाक लावून होती तशीच राहिली.

ओट्यावरच्या खुर्चीतून बाई हे सगळं पाहत होती. बाई म्हणजे माझी थोरली बहीण कौशल्याबाई. तळेगावला, म्हणजे आर्वीपलीकडच्या श्यामजी पंतांच्या तळेगावला असते. तिथं तिच्या मुलाची, धर्मेंद्रची, संत्र्याची बाग आहे. वर्ध्याला तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती गावाला लागूनच पिपरी मेघेत आमच्याकडे होती. उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत पट्टा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय जराही वाकवायचा नाही. बाईनं ते इतकं मनावर घेतलं होतं की स्वप्नातसुद्धा आपण पाय सरळ ठेवूनच चालतो, असं ती सांगायची.

"लागलं का रे बापू?" तिनं विचारलं.

"नाही."

"सीट सरकली का?"

"नाही."

"मंग पडला काऊन?"

मी मूठ खिशात घातली आणि उठलो.

रविवारी तळेगावला बाईच्या नातीचं, प्रेरणाचं हिंगणघाटच्या प्रफुलशी साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. प्रेरणा फार लहान असताना तिची आई गेली. तिच्या वेण्या घालण्यापासून कॉलेजच्या बसमध्ये बसवून देईपर्यंत सगळं बाईनंच केलं. तेव्हा साक्षगंध प्रेरणाचं असलं तरी नवरीइतकीच बाई सजली होती. निदान मनानं. आणि तिला तळेगावला नेण्याची जबाबदारी मी, वर्ध्याच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानाचा मालक आणि एका सात सीटांच्या उंच, पांढऱ्या, जुन्या घेतलेल्या गाडीचा नवा धनी, भर जेवणात छाती पुढे काढून घेऊन बसलो होतो.

आता कुणी म्हणेल की यात काय, बाईला पुढं बसवायचं. बसवून पाहिलं. आमची बाई उंच आहे. पाय सरळ केला की टाच पुढच्या फळीला लागते आणि गुडघा हळूच वाकतो. मागे आडवं बसवून पाहिलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. "आडवं बसलं का मले वकारी येते," असं ती म्हणाली आणि ते खरं होतं. उरला एकच मार्ग. मधलं बाक पार मागं सरकवायचं, बाईला सरळ समोर तोंड करून बसवायचं आणि पाय मधल्या मोकळ्या जागेत उशीवर ठेवायचा. गाडी विकणाऱ्या माणसानं हे बाक मला एका बोटानं मागंपुढं करून दाखवलं होतं. मी गाडी घेतली ती त्या बोटावर भाळून.

"अँब्युलन्स सांगू का?" मी भीतभीत विचारलं होतं.

बाईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. "नातीच्या साक्षगंधाले अँब्युलन्समंदी जाऊ? सोयरे का म्हनतीन? पोरीची आजी आली का पोरीच्या आजीले आनलं?"

माझी पत्नी अन्नपूर्णा तेवढ्यात बाहेर आली. तिनं गाडीत वाकून पाहिलं, सीटखाली हात घातला, बोटं नाकाजवळ नेली.

"अजी, संत्री," ती म्हणाली.

मागच्या वेळी तळेगावहून मी संत्र्यांची दोन पोती आणली होती. ती ठेवायला जागा व्हावी म्हणून बाक पुढं सरकवलं होतं. रस्ताभर गाडीत इतका गोड वास होता की काच खाली घ्यायची इच्छा होईना. आर्वीनंतर कुठंतरी खालची संत्री फुटली असावीत. तो वास म्हणजे सीटच्या रुळांमध्ये झिरपणारा रस होता, हे मला आता कळत होतं. काही वेळा माणूस आपल्याच संकटाचा वास घेत गाणी म्हणत येतो.

आमच्या शेजारी डोमाजी राहतात. आयुष्यभर रेल्वेच्या रुळांची देखभाल करून निवृत्त झाले. वर्ध्याहून कुठलीही गाडी सुटली की ते चहाचा कप खाली ठेवतात आणि ती नीट गेल्याची खात्री करून पुन्हा उचलतात. सीटला रूळ असतात हे त्यांच्या कानावर पडताच ते बॅटरी घेऊन आले आणि गाडीत पोटावर झोपले. बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"बापूराव," आतून आवाज आला, "माप बरोबर हाये. प्रसरन झालं."

"म्हणजे?"

"उन्हानं रूळ फुगले."

"डिसेंबर आहे, डोमाजी."

"दुपारचं ऊन पाह्यलं का तुमी? अन हे लोखंड. लोखंडाले महिना समजत नाई." ते बाहेर आले, पोट झटकलं आणि गंभीरपणे म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कोनी हात लावू नका. लाइन बंद."

नुसतं सांगून त्यांचं समाधान होईना. अन्नपूर्णेनं वाळत घातलेला एक लाल पोलक्याचा कपडा त्यांनी काढला आणि गाडीच्या आरशाला बांधला. दुपारभर गल्लीतले लोक येऊन विचारत होते की गाडीत कुणी वारलं का. संध्याकाळी गारवा आला, कपडा सोडला, लिव्हर ओढलं. सीट नाही सरकली. "रात्रीतून उतरन," असं म्हणून डोमाजी पावणेसातची गाडी ऐकायला घरी गेले.

आता मी स्वतः विचार करायला बसलो. आणि इथंच माझ्या धंद्यानं माझा घात केला. भांड्यांच्या दुकानात एकात एक घातलेले स्टीलचे पेले अडकतात. ओढून निघत नाहीत. त्याची युक्ती अशी की आतल्या पेल्यात थंड पाणी घालायचं आणि बाहेरचा गरम पाण्यात धरायचा. बाहेरचा फुगतो, आतला आकसतो, टप्पकन सुटतात. ही युक्ती मी गिऱ्हाइकांसमोर करतो तेव्हा लोक माझ्याकडे आदरानं पाहतात. सीटच्या रुळांचंही तेच असतं. एक बाहेरचा, एक आतला. मी सकाळी बंबातलं गरम पाणी घेतलं, माठातलं गार घेतलं.

पुढं काय झालं ते मी फार सविस्तर सांगणार नाही. बाहेरचा रूळ कुठला आणि आतला कुठला, हे गाडीत डोकं खाली, पाय वर करून ठरवणं पेल्याइतकं सोपं नाही. पाणी दोन्हीकडे गेलं. सीटमध्ये गेलं. सीटच्या स्पंजात किती पाणी मावतं हे मला आधी ठाऊक नव्हतं. सीटवर हात दाबला की ती ओल्या कुत्र्यासारखा सुस्कारा टाकायची.

"आता तेल घाला," अन्नपूर्णा म्हणाली. तिच्या आवाजात दया होती, आणि ती मला पाण्यापेक्षा जास्त झोंबली. तिनं घरातली जवसाच्या तेलाची बाटली आणली. जवसाचं तेल आमच्याकडे चटणीवर घेतात, कानात घालतात, दाराच्या बिजागरीलाही लावतात. सीटनं का तक्रार करावी? पण जवसाचं तेल वाऱ्यावर राहिलं की चिकट होतं, डिंकासारखं धरतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. तोवर तेल, संत्र्याचा रस आणि पाणी यांचं आपसांत चांगलंच जमलं होतं. तुळशीवृंदावनापासून गाडीच्या दारापर्यंत काळ्या मुंगळ्यांची ओळ लागली होती. बाई ओट्यावरून ती ओळ पाहत बसायची. "साक्षगंधाले पंगत बसली," ती म्हणाली.

मी गाडी घेऊन नागपूर रोडवरच्या एका मोठ्या, काचेच्या दाराच्या वर्कशॉपमध्ये गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. आत इतकं गार आणि स्वच्छ होतं की मी चप्पल बाहेर काढली. संगणकामागच्या मुलीनं गोड आवाजात गाडीचा नंबर विचारला आणि म्हणाली, "सर, ही गाडी तुमच्या नावावर नाही."

"होणार आहे. कागद ऑफिसात आहेत."

"मग ओनरना घेऊन या."

"ते मुलाकडे बंगळूरला गेले आहेत."

"सर, तक्रार ओनरच करू शकतात."

"तक्रार माझी आहे. मी पडलो."

तिला माझी दया आली असावी. ती म्हणाली, नुसती नोंद करून घेते. संगणकावर सीटच्या तक्रारींची यादी होती. फाटली, आवाज करते, पट्टा अडकतो. सरकत नाही, हा प्रकार नव्हता. "आवाज येतो का सर?" "आवाज कसा येईल? ती हलतच नाही." "म्हणजे आवाज नाही." तिनं काहीतरी दाबलं. मशीनमधून एक कागद सर्र करत बाहेर आला. त्यावर गाडीच्या आधीच्या मालकाचं नाव होतं, आणि खाली छापलं होतं की सीटचा आवाज नाही, ग्राहक समाधानी. मी चप्पल घालून बाहेर आलो. समाधानी ग्राहकाला काय वाटतं ते मला त्या दिवशी कळलं.

परत येताना पवनारजवळ श्रावण मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे बाभळीखाली चार पत्रे. श्रावणची पद्धत अशी की तो आधी गाडीत जाऊन बसतो, डोळे मिटतो आणि गाडी काय म्हणते ते ऐकतो. तो मधल्या सीटवर बसला. सीटनं सुस्कारा टाकला. त्यानं डोळे मिटले. मी दाराजवळ उभा राहिलो. थोड्या वेळानं त्याचा श्वास लांब झाला.

मी त्याला उठवायला हवं होतं. पण दुपार अशी होती की उठवावंसं वाटेना. खालून धाम नदीचा ओलसर वारा येत होता, कुठंतरी धुणं आपटल्याचा आवाज, मधूनच एखादी बस आणि मग पुन्हा सगळं शांत. बाभळीची पानं इतकी बारीक असतात की सावली पडते ती चाळणीतून गाळल्यासारखी. मी पुढच्या सीटवर टेकलो. मला दिसलं की आमचं बाक रेल्वेच्या खऱ्या रुळांवर ठेवलं आहे आणि आपोआप चाललं आहे, कापसाच्या शेतांमधून, अजिबात आवाज न करता. बाई त्यावर एकटी बसली आहे, पाय सरळ, आणि स्टेशनं येतात तशी ती हात हलवते. मी मागून धावतोय आणि मला धाप लागत नाही.

जागा झालो तेव्हा श्रावण माझ्याकडे पाहत होता.

"भाऊ, सीट ओली हाये," तो म्हणाला. "माही चड्डी भिजली. ओल्या सीटले मी हात लावत नाई. काढून देतो, घरी नेऊन उन्हात सुकवा. मी येतो उद्या."

त्यानं चार बोल्ट काढले, आणि दोघांनी मिळून बाक, खालच्या रुळांसकट, बाहेर काढलं. सीट ना पुढं ना मागं, पण गाडीबाहेर मात्र आली. आत टाकली असती तर गाडी पुन्हा ओली झाली असती, म्हणून ती टपावर बांधली.

गावात शिरताना हवालदारानं हात केला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, आत पाहिलं, वर पाहिलं.

"आत जागा हाये अन सीट वर काऊन?"

"ओली आहे."

"पाऊस नाई, पानी नाई, अन सीट ओली?" त्यानं पुन्हा वर पाहिलं. "पासिंग सात सीटचं हाये. वरच्या सीटवर मानसं बसवता का?"

"नाही हो. ती नुसती नेतोय."

"नुसती नेता म्हंजे माल झाला. घरच्या गाडीत माल नेता येत नाई."

"पण ती याच गाडीची सीट आहे!"

"आत असली तर सीट. वर असली तर माल," तो म्हणाला, आणि हे त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की त्यानं ते पुन्हा एकदा, हळू, चव घेत म्हटलं. मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "सरकत नाई का? माह्या साळ्याच्या गाडीत असंच झालतं. खालून लाकडानं ठोका दोन. जा." जिल्ह्यात असा एकही माणूस नसावा ज्याच्याकडे माझ्या सीटसाठी उपाय नव्हता.

अंगणात उन्हात सीट ठेवली तर ती डुगडुगायला लागली. डोमाजींनी घरून दोन जाड फळ्या आणल्या, त्यांना ते स्लीपर म्हणत होते, आणि सीटचे पाय त्यांवर बोल्टनं पक्के केले. मग सगळ्यांनी आळीपाळीनं लाकडानं ठोकलं, कारण हवालदारानं सांगितलं होतं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती वरून कोरडी झाली आणि बाई म्हणाली, "मले बसवा बरं तिच्यावर."

आम्ही तिला दोन्हीकडून धरून आणलं. ती बसली. पाय पुढं केला. समोर अख्खं अंगण मोकळं होतं, पायाला कशाचाच अडथळा नव्हता. खाली पाट, पाटावर उशी. तिनं पाठ टेकली, ऊन चेहऱ्यावर घेतलं आणि तिच्या तोंडून एक लांब श्वास निघाला, जो ऑपरेशनपासून कुठंतरी अडकून बसला असावा.

"बेस हाये वो," ती म्हणाली. आणि झोपली.

ती ऑपरेशननंतर दिवसा कधी झोपली नव्हती. रात्रीही तुकड्यातुकड्यांनी झोपायची. आता ती अशी झोपली की तिचं तोंड किंचित उघडं राहिलं आणि मला ती एकदम लहान दिसली, माझ्यापेक्षाही लहान. शेजारच्या बायका भाजी निवडायच्या टोपल्या घेऊन आल्या आणि तिच्या भोवती खाली बसल्या, हळू आवाजात बोलत. मेथीचा वास येत होता. श्रावण ठरल्याप्रमाणे पाना घेऊन आला. त्यानं बाईकडे पाहिलं.

"झोपू द्या," तो कुजबुजला, पायरीवर बसला, आणि भिंतीला टेकून त्यानंही डोळे मिटले.

असे ते दिवस गेले. बाई जागी असली की सीटवर दरबार, झोपली की कुणाची तिला उठवायची छाती नाही. दुरुस्ती रोज उद्यावर. मी दुकानातून येई आणि दारातच थबके. आपल्या अंगणात, मोटारीच्या बाकावर, मोटारीशिवाय, आपली बहीण कुठंतरी दूर चालली आहे आणि तिला कसलीच घाई नाही, असं वाटायचं. मला रविवारची आठवण येई, पण ती उन्हात विरघळून जाई.

शनिवारी सकाळी प्रेरणाचा फोन आला. अन्नपूर्णेनं मोबाइल बाईच्या हातात दिला. मी दाराआड बूट पुसत होतो.

"आजी, तू येतं ना?"

"येतो ना वो पोरी. बापू आनून राह्यला मले. गाडी एकदम तयार हाये."

"पाय दुखत असन तर..."

"नाई दुखत. तू मेंदी लाव चांगली."

फोन बंद झाला. बाईनं तो मांडीवर ठेवला आणि त्याची काळी काच अंगठ्यानं पुसली. मग म्हणाली, "बापू, दारामागून इकडं ये." मी गेलो. "तुह्याच्यानं नाई होत असन तर राहू दे रे. तू लय केलं. पन पोरीले मी खोटं बोललो. आजवर कधी बोललो नव्हतो तिच्याशी." तिनं पदर तोंडाला लावला. माझ्या खिशात ती प्लास्टिकची मूठ अजून होती. मी ती घट्ट धरली.

भांड्यांच्या दुकानदाराला रडता येत नाही, निदान गल्लीतल्या बायकांसमोर तरी. मी घरामागं मोरीपाशी गेलो आणि प्रेरणाला स्वतः फोन लावला. सगळं सांगितलं. संत्री, पाणी, जवस, मुंगळे. ती मध्ये एकदाही हसली नाही. शेवटी म्हणाली, "आबा, एक मिनिट थांबा." ते मिनिट बरंच लांबलं. पलीकडून धर्मेंद्रचा आवाज, कुणीतरी पातेलं आपटल्याचा आवाज, मग कुजबुज. मग तिचा आवाज पुन्हा आला.

"प्रफुलशी बोलली मी. ते लोक हिंगनघाटवरून येऊन राह्यले. वाटेत तर वर्धाच लागते. आमीच तिकडं येतो, आबा. साक्षगंध तुमच्या अंगनात करू. आजी नाई तर मी अंगठी घालनारच नाई."

मी अन्नपूर्णेला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"किती मानसं?"

"थोडीच, म्हणाली."

आमच्याकडे लग्नकार्यात थोडी माणसं म्हणजे एक टेम्पो आणि दोन जीपा. अन्नपूर्णेनं माझ्याकडे पाहिलं, मग अंगणात बाईकडे पाहिलं, आणि पदर खोचला. मी दुकान उघडून नवीकोरी पातेली, पराती, वाट्या, पेले घरी आणले. त्यांवरची लेबलं काढायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी वरणाच्या वाट्यांवर कंपनीची नावं वाचत जेवण केलं.

रविवारी अंगणात मांडव होता. प्रेरणा जीपमधून उतरली ती कुणाच्या पाया न पडता थेट आजीकडे गेली आणि तिच्या गळ्यात पडली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, वेणी सरळ करत राहिली. हिंगणघाटचे सोयरे चपला हातात घेऊन उभे होते. त्यांना वाटलं असावं की इथं पाहुण्यांचं स्वागत असंच उभं राहून होतं.

प्रफुल शांत मुलगा. सकाळपासून तो तीन शब्द बोलला असेल. त्याला आणि प्रेरणाला बसायला मी भाड्यानं लाल खुर्च्या आणल्या होत्या. प्रेरणा म्हणाली, "आजीजवळ बसतो." तेव्हा बाकावर एका टोकाला बाई, मध्ये प्रेरणा, दुसऱ्या टोकाला प्रफुल. मागं झेंडूच्या माळा. बाईचा पाय पुढं, पाटावर, त्यावर कुणीतरी कौतुकानं हळदकुंकूही लावलं होतं. सीटचे स्लीपर दिसू नयेत म्हणून डोमाजींनी त्यांवर चादर टाकली होती.

भटजींनी मंत्र म्हटले. प्रफुलनं अंगठी घेतली आणि प्रेरणाकडे वळला. बाक मऊ. वळताना त्याचा तोल जरा गेला, आधाराला त्यानं बाजूला हात टाकला, आणि हाताला मूठ नसलेलं लिव्हर लागलं.

खट् असा बारीक आवाज झाला.

आणि सीट निघाली. धक्का नाही, करकर नाही. फलाटावरून गाडी सुटते आणि आधी कळतच नाही की आपण चाललो की फलाट चालला, तशी ती हळू, दिमाखात मागं गेली. बाई, प्रेरणा, प्रफुल, फुलांसकट, भटजींपासून दूर दूर होत गेले. भटजींचा हात अक्षता टाकायच्या बेतात तसाच राहिला. बाईचा पाय पाटावरून सुटला, पण वाकला मात्र नाही. तो हवेत तसाच सरळ, हळदकुंकवासकट, सगळ्या पाहुण्यांकडे रोखलेला. मग सीट शेवटाला जाऊन थांबली.

सोयऱ्यांकडची एक म्हातारी हात जोडून उभी राहिली.

"अवो माय!" बाई म्हणाली. "सुटली!"

आणि ती हसायला लागली. असं हसली की पोटात कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. प्रेरणा हसली, मग न बोलणारा प्रफुल खो खो हसला, आणि मग अख्खा मांडव. डोमाजी खुर्चीवर चढून ओरडले, "लाइन किलियर!" हसता हसताच प्रफुलनं अंगठी घातली. ती कुठल्या मंत्राला घातली गेली, हे भटजींनाही सांगता आलं नाही.

जेवताना सीट का सुटली यावर चर्चा झाली. डोमाजींच्या मते रूळ शेवटी थंड झाले. श्रावण म्हणाला की लाकडाचे ठोके उशिरा लागू पडतात. अन्नपूर्णेनं जवसाच्या तेलाची बाटली पंगतीत फिरवून दाखवली. मुंगळ्यांनी आठवडाभर रूळ चाटून साफ केले असावेत, असं मला वाटतं. पण त्यांची बाजू घ्यायला तिथं कुणी नव्हतं, आणि मी आधीच फार बोलून चुकलो होतो.

दुसऱ्या दिवशी श्रावणनं सीट गाडीत बसवली. मी एका बोटानं ती मागं नेली. बाई सरळ समोर तोंड करून बसली, पाय उशीवर. आम्ही दुपारी निघालो. आर्वीच्या रस्त्यानं दोन्हीकडे कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बायकांच्या पाठीवर ऊन होतं. मी हळू चालवत होतो. बाई आधी बोलत होती. कुणाचं शेत, कुणाची विहीर, कुठं तिला एकदा बैलगाडीत उचकी लागली होती. मग शब्द लांबले, मग फक्त गाडीचा आवाज. आरशात पाहिलं तर ती झोपली होती.

तळेगावला घरासमोर गाडी थांबवली. धर्मेंद्र धावत आला, मागून प्रेरणा ओवाळायचं ताट घेऊन. मी ओठांवर बोट ठेवलं. ते जागच्या जागी थांबले. प्रेरणानं ताटातला दिवा हातानं झाकला. शेजारची माणसं आली, काचेतून पाहिलं, आणि सगळी दबक्या पावलांनी ओट्यावर जाऊन बसली. मी इंजिन बंद केलं. म्हटलं, पाच मिनिटं झोपू द्यावं.

मी कधी झोपलो ते कळलं नाही. जाग आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, बागेतल्या झाडांच्या सावल्या रस्त्यावर आल्या होत्या आणि माझ्या अंगावर कुणीतरी शाल टाकली होती. मागं बाई जागी होती. खिडकीतून आपल्याच घराकडे पाहत होती, दुसऱ्या कुणाच्या घराकडे पाहावं तशी.

"बाई, आलं घर," मी म्हणालो. "उतरायचं?"

"बस ना थोडा," ती म्हणाली. "मी उतरलो का तू निंगशीन."

मी हात खाली घालून माझीही सीट मागं सरकवली आणि पाठ टेकली.